काचेच्या आदल्या दिवसाची गोळी

काचवाल्याच्या उजव्या अंगठ्याबद्दल त्या गल्लीत जितकं बोललं जायचं, तितकं एखाद्या नटीच्या लग्नाबद्दलही कुठे बोललं गेलं नसेल. अंगठा दिसायला काही देखणा नव्हता. चपटा, बोथट, नख एका बाजूने झिजलेलं, आणि कातडीवर जुन्या वारांच्या पांढऱ्या रेघा इतक्या, की एखाद्याला वाटावं हा अंगठा नसून शहराचा नकाशा आहे. पण काचवाल्याचं सगळं दुकान त्या अंगठ्यावर उभं होतं.

काच कापून झाली, तिची कड दगडावर घासून झाली, की काचवाला डोळे मिटायचा आणि अंगठा त्या कडेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचा. मधे कुठे अंगठा थबकला, की काच पुन्हा दगडावर. थबकला नाही, की तोंडातून "हं" असा एकच हुंकार. त्या हुंकारानंतरच काच गिऱ्हाइकाच्या हातात जायची. त्याच्या मुलीने परगावाहून जाडजूड हातमोजे पाठवले होते. ते दुकानातल्या खिळ्याला अनेक वर्षं लटकत होते, आणि त्यांत एका कोळ्याने संसार थाटला होता. "हातमोजे घालून काच कापायची," काचवाला म्हणायचा, "म्हणजे बूट घालून अंघोळ करायची."

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही भिंतींना टेकून काचा उभ्या, मधे जुनं ब्लँकेट अंथरलेलं मोठं टेबल, मागच्या कोपऱ्यात फुटक्या तुकड्यांचा पत्र्याचा डबा. पुढे, उजेडाच्या बाजूला, बायको बसायची. चौकटी ठोकणं, फोटोंना मागून पुठ्ठा लावणं आणि गिऱ्हाइकांना बोलण्यात गुंतवून ठेवणं ही तिन्ही कामं ती एकाच वेळी करायची, आणि तिसरं सर्वांत उत्तम. नवऱ्याला मिशी फार प्रिय, आणि दुकानात आरशांना तोटा नाही. येता-जाता तो मिशीला वळण द्यायचा. "अहो," ती तोंडातले खिळे न काढताच म्हणायची, "आरसे विकायला ठेवलेत. वापरून जुने करू नका."

तर असा हा माणूस एके दिवशी एक साधी खिडकीची काच उचलताना धापा टाकायला लागला. मग जिना चढताना. मग नुसता बसल्या बसल्या. हृदयातली एक झडप खराब झाली होती. मोठ्या इस्पितळात छाती उघडून तिथे धातूची झडप बसवली, आणि काचवाला घरी आला तो टिकटिक करतच. खरंच टिकटिक. खोलीत शांतता असली की त्याच्या छातीतून घड्याळासारखा बारीक आवाज यायचा. समोरच्या सलूनवाल्याला तर आयतीच मेजवानी मिळाली. तो रोज दारातून ओरडायचा, "काय रे, किती वाजले तुझ्या छातीत?"

"तुझे बारा!" काचवाला उत्तर द्यायचा.

बायको मात्र त्या आवाजावर विसंबली होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं, की खिळे ठोकता ठोकता ती मधेच हातोडी थांबवायची, कान द्यायची आणि पुन्हा ठोकायला लागायची. काचवाल्याला ते कळायचं. तो काही बोलायचा नाही, पण त्या वेळी तो उगाच हलायचाही नाही.

आता गोळीची गोष्ट. धातूची झडप रक्ताला परकी. तिच्यावर रक्त साखळतं, त्याची गुठळी होते, आणि ती सुटली की कुठेही जाऊन अडकते. म्हणून रक्त पातळ ठेवायची एक छोटीशी गोळी, रोज, जन्मभर. इस्पितळातून निघताना सिस्टरने दोघांना समोर बसवून नीट समजावलं होतं. गोळी रोज एकाच वेळेला. विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यायची, पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम नाही. गुडघा दुखो की डोकं, मनाने दुकानातून गोळी आणून खायची नाही. दात काढायचा असला तरी आधी सांगायचं. ठरल्या तारखेला रक्त तपासायचं, कारण रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा येतो, आणि डोस त्यावरून ठरतो.

"आणि काका, तुमचं काम काचेचं," सिस्टर म्हणाली. "कापलं तर रक्त नेहमीसारखं पटकन थांबणार नाही."

इथे काचवाल्याने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि पुढचं काही त्याच्या कानात शिरलं नाही. पुढचं खरं तर जास्त महत्त्वाचं होतं. घाबरायचं नाही, स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, हात वर करायचा, थोडा वेळ जास्त लागेल एवढंच. नाहीच थांबलं, किंवा डोक्याला मार लागला, तर लगेच यायचं. हे सगळं बायकोने ऐकलं. नवऱ्याने ऐकलं फक्त "थांबणार नाही".

उरलेलं काम सलूनवाल्याने केलं. काचवाला दाढीला गेला, तर त्याने वस्तरा मागे लपवला. "नको रे बाबा! तुझ्या गालाला हे पातं लागलं तर हे सलून राहणार नाही, खाटकाचं दुकान होईल. माझ्या मेव्हण्याचा सासरा हीच गोळी खायचा. एकदा दाढी करताना हनुवटीला नखाएवढं लागलं. टॉवेल भिजला, चादर भिजली, गादी भिजली..."

"मग?" बाकावरच्या गिऱ्हाइकांनी कान टवकारले.

"मग काय, गादी बदलली."

सगळे हसले. काचवालाही हसला. मेव्हण्याचा सासरा या जगात होता की नाही याबद्दल गल्लीत अजूनही दोन मतं आहेत. पण ती भिजलेली गादी काचवाल्याच्या मनात जाऊन बसली ती उठली नाही.

थोड्याच दिवसांनी त्याला काच लागली. लागायचीच. जन्मात कितीदा लागली होती, तोंडात अंगठा घालून तो पुढच्या कामाला लागायचा. या वेळी रक्त येत राहिलं. फार नाही, पण येत राहिलं. बायको बाहेर गेली होती. तो मागच्या कोपऱ्यात डब्याशेजारी अंगठ्याभोवती फडकं गुंडाळून बसला, आणि पाहायचं नाही असं ठरवूनही फडकं सोडून सोडून पाहत राहिला. सारखं सोडून पाहिलं की ते थांबणार कसं! शेवटी थांबलं. फडकं त्याने जाळून टाकलं आणि बायकोला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी दुकानाची फळी लावायच्या आधी तिने रोजच्यासारखा पाण्याचा पेला आणि गोळी पुढे केली. दुसऱ्या दिवशी एक मोठी काच कापायची होती. काचवाल्याने गोळी तोंडात टाकली, जिभेखाली सरकवली, पाणी प्यायला, खोकल्याचं निमित्त करून डब्याकडे वळला आणि गोळी त्या फुटक्या तुकड्यांत थुंकली. त्या डब्यात कधीच कुणी हात घालत नव्हतं. घालणार कोण?

"घेतली?"

"घेतली."

असा त्याचा कायदा ठरला. उद्या काच कापायची असेल तर आज गोळी नाही. उद्या नुसत्या चौकटीच असतील तर आज गोळी. त्याच्या मते हा अगदी न्यायाचा सौदा होता. हृदयालाही काही दिवस, अंगठ्यालाही काही दिवस. डॉक्टरांना काचेचं काय कळतं, असं तो मनाशी म्हणायचा. त्याला स्वतःला रक्ताचं काय कळतं, हा प्रश्न मात्र त्याने कधी मनाशीही विचारला नाही.

तपासणीचा दिवस आला. डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला मऊ, पण नजर चाळणीसारखी. कागद पाहून म्हणाल्या, "काका, आकडा खाली आहे, रक्त पुरेसं पातळ होत नाही. हवा त्यापेक्षा बराच. गोळी चुकते का?"

काचवाल्याने तोंड उघडायच्या आत बायकोने छातीवर हात ठेवला. "डॉक्टर, मी माझ्या हाताने देते. आभाळ कोसळलं तरी चुकत नाही."

काचवाला भिंतीवरचं हृदयाचं चित्र फार लक्ष देऊन पाहायला लागला.

"मग जेवणात काही बदल? पालेभाज्या एकदम वाढल्यात का? त्यांनी या औषधाचा जोर कमी होतो. बंद करायच्या नाहीत हं काकू, पण दर आठवड्याला साधारण सारख्याच असाव्यात. आज ढीगभर आणि मग पंधरा दिवस पानही नाही, असं नको."

डोस थोडा वाढला. पुढच्या वेळी आकडा पुन्हा खाली. काकूंचा हात पुन्हा छातीवर. डोस पुन्हा वाढला.

परतताना बायको वाटभर गप्प होती, आणि ही बाई वाटभर गप्प राहिली हीच गल्लीसाठी बातमी होती. घर जवळ आल्यावर म्हणाली, "माझंच चुकतंय कुठेतरी. मी हिरवी भाजी अंदाजाने करते. आता वाटीने मोजून करीन."

"असू दे गं," काचवाला म्हणाला. "तुझं काय चुकायचंय."

"नाही कशी? गोळी तर मी देते. मग दोष भाजीचाच."

तेव्हापासून ती भाजी निवडताना पानं वाटीत दाबून भरायची. वाटी जरा शिगोशीग झाली तर चार पानं बाजूला काढायची, पुन्हा एक आत टाकायची. काचवाला समोर बसून हे पाहायचा. सांगावं असं दोनतीनदा त्याच्या जिभेवर आलं. पण त्या जिभेखाली गोळ्या लपवायची सवय झालेली. तिथे आलेली गोष्ट बाहेर पडत नसे.

मग सलूनवाल्याला श्रीमंती सुचली. जुने डागाळलेले आरसे काढून त्याने भिंतभर नवे लावायचं ठरवलं. एका ओळीत, एकाला एक भिडवून, फट दिसता कामा नये. "गिऱ्हाइकाला मान वळवली तरी आपलंच तोंड दिसलं पाहिजे," तो म्हणाला.

"तुझ्या सलूनात ती शिक्षाच आहे," काचवाला म्हणाला, पण मनातून सुखावला. असं काम त्याला बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं. भिडवायच्या आरशाची कड म्हणजे अंगठ्याची परीक्षा.

काम रोजचं होतं. रोज उद्याची काच, म्हणून रोज आजची गोळी डब्यात.

एका दुपारी बायकोने हातोडी थांबवली आणि जरा जास्तच वेळ थांबवून धरली. "अहो, तुमचा आवाज बसलाय."

"मी बोललोच नाही तर बसेल कुठून?"

"तोंडाचा नव्हे. छातीतला. पूर्वी कसं खणखणीत यायचं. आता घोंगडीखालून आल्यासारखं येतंय. डॉक्टरकडे जाऊ या का?"

"तुझे कान तपासायला घेऊन जाऊ," तो म्हणाला. "आरसे होऊ देत. मग बघू."

शेवटच्या आरशाच्या दिवशी उजेड छान होता. काचवाल्याने काच कापायच्या हिऱ्याने रेघ ओढली. ती ओढताना हिरा बोटांतून जरा निसटल्यासारखा झाला, पण त्याने पकड बदलून रेघ पुरी केली. आरसा तुटला तो रेघेवर. मग दगडावर कड घासली. मग आरसा टेबलावर उभा धरला, डोळे मिटले आणि अंगठा कडेवर टेकवला.

अंगठा सरकत गेला. थबकला नाही. कुठे बारीकशी खरखरही नाही. लोण्यावरून जावा तसा. काचवाल्याच्या मनात आलं, अरे, इतकी मऊ कड आपण जन्मात काढली नव्हती. त्याला आनंद झाला. खराखुरा, भाबडा आनंद. त्याने "हं" म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून भलताच काहीतरी आवाज आला.

त्याने डोळे उघडले. आरशाच्या कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेघ होती. अंगठ्यातून रक्त गळत होतं आणि अंगठ्याला त्याची खबर नव्हती. त्याने समोर पाहिलं. आरशात एक माणूस होता. त्याच्या मिशीचं एक टोक नेहमीच्या ऐटीत वर होतं, आणि दुसरं तोंडाच्या कोपऱ्याबरोबर खाली ओघळलं होतं. कोण हा, असा प्रश्न पडण्याइतका वेळ गेला. मग त्याला ओळख पटली.

बायको धावत आली. तिला आधी रक्त दिसलं. तिने पदर अंगठ्यावर घट्ट दाबला आणि त्याचा हात वर धरला, सिस्टरने सांगितलं होतं तसा. सोडून सोडून पाहिलं नाही. मग तिने चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून जी हाक निघाली ती ऐकून सलूनवाला हातात वस्तरा घेऊनच रस्ता ओलांडून आला. त्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या गालाला फेस लावलेलं मागोमाग. त्या फेसवाल्याची गाडी होती. गल्लीत त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही, पण "तो अर्ध्या दाढीचा देवमाणूस" अजून सगळ्यांना आठवतो.

इस्पितळात आधी डोक्याचा फोटो काढला. अशा गोळीवरच्या माणसाच्या डोक्यात रक्तस्राव झालाय की गुठळी अडकलीय, हे पाहिल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलटे. रक्तस्राव नव्हता. गुठळी होती. झडपेवर साखळलेल्या रक्ताचा एक कण सुटून मेंदूकडे गेला होता.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा काचवाला पलंगावर होता, अंगठ्याला पट्टी, आणि तोंडाची एक बाजू अजून जड. बायको पायाशी उभी. सलूनवाला दाराबाहेर. वस्तरा त्याने खिशात ठेवला होता आणि तो खिशात आहे हे तो विसरला होता.

"आकडा फारच खाली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या बायकोशी बोलत होत्या. "काकू, मला अगदी नक्की सांगा. यावर पुढचं सगळं ठरणार आहे. एवढा वाढवलेला डोस रोज पोटात जाऊन जर हे असं झालं असेल, तर मला डोस अजून पुष्कळ वाढवावा लागेल, नाहीतर हे औषध यांच्यावर चालतच नाही असं धरून वेगळा विचार करावा लागेल. कदाचित झडपेचाही. गोळी एकदाही चुकली नाही?"

बायकोने छातीवर हात ठेवला. "एकदाही नाही. मी माझ्या हाताने..."

"घेत... नव्हतो," पलंगावरून आवाज आला.

बायको चटकन वळली. "डॉक्टर, बोलता येत नाहीये त्यांना. भलतंच काहीतरी निघतंय तोंडातून."

तिचा हात अजून छातीवरच होता. काचवाल्याने तो पाहिला. गप्प राहिलं असतं तर चाललं असतं. जड जिभेचा बहाणा तयारच होता, आणि तो बहाणा त्याची बायकोच पुढे करत होती. वाटीत दाबून भरलेली, पुन्हा काढलेली पानं त्याच्या डोळ्यांपुढून गेली.

"डबा," तो म्हणाला. एकेक अक्षर उचलून ठेवावं लागत होतं. "काचेचा... डबा. त्यात... थुंकायचो. काचेच्या... आदल्या दिवशी."

खोलीत त्याच्या छातीतली ती दबलेली टिकटिक तेवढी ऐकू येत होती. बायकोचा हात छातीवरून खाली आला, अगदी हळू, कुणी तिथून काढून घेतल्यासारखा.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली. त्याच्याजवळ बसल्या. "काका, आज सांगितलंत हे फार बरं केलंत. मी या कागदावर विश्वासून डोस आणखी चढवला असता, आणि एखाद्या आठवड्यात तुम्ही सगळ्या गोळ्या नीट घेतल्या असत्या, तर तुमचं रक्त इतकं पातळ झालं असतं की काचेची गरजच पडली नसती. आतल्या आत वाहिलं असतं." मग म्हणाल्या, "आणि एक सांगू? ही गोळी दिव्याच्या बटणासारखी नसते. आज घेतलेली पुढे दोनतीन दिवसांनी पुरता जोर दाखवते. आज चुकवली म्हणून उद्याचं रक्त एकदम घट्ट होत नाही. ज्या दिवशी तुम्ही काच कापत होता, त्या दिवशी तुमच्या अंगठ्याला त्या चुकवलेल्या गोळीचा काही उपयोगच नव्हता. नुसती झडप उघडी पडत होती."

काचवाल्याने डोळे मिटले. बाहेरून सलूनवाल्याचा आवाज आला, एकदम बारीक झालेला: "बाई, तो मेव्हण्याचा सासरा... तो मी जरा वाढवून सांगितला होता."

बायको निघून गेली. मुलगी निघाली होती, ती येईपर्यंत सलूनवाला पलंगाशी बसला. बोलायला काही सुचेना, म्हणून त्याने आपल्या रुमालाने काचवाल्याच्या मिशीचं पडलेलं टोक हलकेच वर केलं. ते पुन्हा खाली आलं. त्याने पुन्हा वर केलं.

सकाळी बायको परत आली. शेजारी बसली, पाणी पाजलं, चादर नीट केली. तिच्या उजव्या हाताच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या. एका बोटाला नाही, बहुतेक सगळ्यांना.

"काय... झालं?"

"काच लागली."

एवढंच. दुकानात ती जन्मभर वावरली, पण त्या डब्यात तिने कधी हात घातला नव्हता. काल घातला होता. डबा चादरीवर पालथा करून, तुकड्या-तुकड्यातून त्या इवल्याशा गोळ्या वेचल्या होत्या. त्यांचं पुढे काय केलं हे तिने सांगितलं नाही, आणि त्याने विचारायचं धाडस केलं नाही. त्याने तिचा हात आपल्या हातात घेतला आणि त्या चिकटपट्ट्यांवरून अंगठ्याचा पट्टीबाहेर राहिलेला शेंडा फिरवला. खाली काही आहे असं अंगठ्याला कळेना. पट्टी नाही, बोट नाही, ऊब नाही. त्याने डोळे मिटून पुन्हा फिरवला.

"दुखतंय?" तिने विचारलं.

त्याने नाही अशी मान हलवली. दुखत असतं तर तो हसला असता.

बोलणं पुढे बरंचसं सुधारलं. मिशीचं टोकही जवळपास जागेवर आलं. सलूनवाला आता विजेच्या यंत्राने त्याची दाढी करतो आणि उरलेला फरक मिशी कातरताना भरून काढतो, इतका सफाईने, की परक्याला कळत नाही. डोस तपासत तपासत नीट बसला, आणि छातीतलं घड्याळ पुन्हा खणखणीत झालं. अंगठा तेवढा परत आला नाही. ज्याला वाचवायला एवढं केलं, तोच गेला. हाताला चिकटून राहिला, एवढंच.

सलूनसाठीचा शेवटचा आरसा भिंतीत बसायचा राहिला होता. बरेच दिवस टेबलावर झाकून ठेवलेला. एके सकाळी काचवाल्याने खिळ्यावरचे हातमोजे काढले, कोळ्याला दुसरीकडे बिऱ्हाड करायला लावलं, आणि आरसा पुसून उभा केला. मग बराच वेळ नुसता उभा राहिला.

"सरका," बायको म्हणाली. तिने तोंडातले खिळे काढून ठेवले आणि कडेवर अंगठा टेकवला.

"डोळे मीट," तो म्हणाला. "दाबू नकोस. नुसता ठेव. आता जाऊ दे."

"इथे काहीतरी आहे."

"काहीतरी म्हणजे? खरखर की टोचणी?"

"मला काय माहीत तुमचं काय नाव आहे त्याला! साखरेचा दाणा असावा तसं."

"ती खरखर," काचवाला म्हणाला. त्याला पहिल्यांदाच कळलं, की अंगठ्याला जे इतकी वर्षं ठाऊक होतं ते त्याने कधी कुणाला शब्दांत सांगितलंच नव्हतं. "दगडावर घे. हलक्या हाताने."

तो आरसा आता सलूनमध्ये आहे. शेजारच्या आरशाला भिडलेला. नीट पाहिलं तर त्या जोडावर केसाएवढी फट दिसते. सलूनवाला गिऱ्हाइकांना ती मुद्दाम दाखवतो आणि म्हणतो, "ही काकूंची पहिली कड. दुरुस्त करून घेणार नाही."

रोज फळी लावायच्या आधी बायको गोळी देते. आता काचवाला पाणी प्यायला, की तिच्यासमोर आ करतो आणि जीभ वर उचलतो. समोरच्या दारातून सलूनवाला ओरडतो, "डावीकडे बघा काकू, डावीकडे लपवली असेल!" आणि ती खरोखर डावीकडे बघते. हसत नाही. काचवाल्याच्या खिशात नेहमी एक कार्ड असतं, गोळीचं नाव लिहिलेलं. नख लागलं तरी तो आता फडकं दाबून धरतो आणि आढ्याकडे पाहत बसतो.

पण तपासणीला गेल्यावर जे होतं, ते गल्लीत कुणाला ठाऊक नाही. डॉक्टरीणबाई विचारतात, "गोळी नियमित?" पूर्वी लगेच छातीवर जाणारा तो हात आता पर्सवर घट्ट मिटलेला असतो. बायको खिडकीबाहेर बघते. "त्यांना विचारा," म्हणते. आणि काचवाला स्वतःच सांगतो, "घेतो. एकही नाही चुकली." दर खेपेला त्याला वाटतं, हे आपण डॉक्टरला सांगत नाही आहोत.

असं बरेच दिवस चाललं. कितीतरी तपासण्या झाल्या, आकडा हवा तिथे राहिला. मग एकदा डॉक्टरीणबाईंनी कागदावरून नजर न उचलता, सवयीने, तोच प्रश्न विचारला. काचवाल्याने उत्तरासाठी श्वास घेतला.

"घेतात," बायको म्हणाली.

हात पर्सवरच होता. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. पण काचवाला बोलायचं विसरला, आणि त्या छोट्याशा खोलीत त्याच्या छातीतला आवाज तिघांनाही स्पष्ट ऐकू आला.